टॉवर आले म्हणून भाईगिरी गेली का?

नमस्कार मंडळी. मी उभा आहे वरळीला, जांबोरी मैदानाजवळ. या बाजूला बघा, जुनी बीडीडी चाळ. घर 160 चौरस फुटांचं, संडास मजल्यावर सामाईक. आणि त्या बाजूला नवे टॉवर. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, घर 500 चौरस फुटांचं. ज्यांना मिळालं त्यांचा आनंद खराच आहे, त्यावर माझी टिप्पणी नाही.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. "टॉवर आले आणि गिरणगावातली भाईगिरी संपली." अहो, थांबा जरा.

18 जानेवारी 1982. इथल्या कापड गिरण्यांमध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. बापाचा पगार बंद, पोरगं नाक्यावर. टोळ्यांना पोरं आयती मिळाली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना भाव आला, तसा खंडणीलाही आला. 1994 मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला, दिवसाढवळ्या गाडीतच गोळ्या घातल्या. म्हणजे जमीन विकायला निघाली, तेव्हा रस्ते सुरक्षित झाले नव्हते. उलट तेव्हाच जास्त रक्त सांडलं.

टोळ्यांचं कंबरडं मोडलं ते 1999 च्या मकोकाने, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने, आणि पोलिसांच्या एन्काउंटरने. त्यातली काही एन्काउंटर कोर्टातही गेली, तो वेगळा व्हिडिओ होईल. बहुतेक टॉवर नंतर उभे राहिले आणि श्रेय घेऊन बसले.

आता रस्त्याचं बघू. चला माझ्याबरोबर. ही चाळ. खिडकीत एक आजी लसूण सोलत बसल्यात. मी कॅमेरा काढला आणि लगेच वरून, "काय रे, कोणाकडे आलास?" फुकटचा वॉचमन! अर्थात हीच आजी कोणाची पोरगी कोणाबरोबर आली तेही टिपते, आणि त्याचा जाच चाळीतल्या मुलींना विचारा.

आता तिकडे पोडियम. रस्त्यालगत पार्किंगचे मजले, सलग भिंत. घरं सुरू होतात ती वर, कितीतरी उंचावर. रात्री साडेअकराला या भिंतीकडेने चालत या. कॅमेरे आहेत, गेटवर सिक्युरिटी आहे. पण त्या सिक्युरिटीची नजर गेटच्या आत. बाहेर फुटपाथवर तुम्ही हाक मारलीत, तर पंचविसाव्या मजल्यावर कोणाला ऐकू जाणार?

तळमजल्याला दुकानं ठेवली असती तरी चाललं असतं. एक वाणी, एक चहावाला, एक इस्त्रीवाला. तुमच्या बिल्डिंगच्या खाली काय आहे, भिंत की दुकान? कमेंटमध्ये लिहा, पिनकोडसकट.