झाडीपट्टीतले रस्ते आणि उजेडाचा हिशेब

पुण्या-नाशिककडचे सायकलवाले मित्र आमच्याकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चढ किती?" सह्याद्रीत सायकल शिकलेल्या माणसाला हेच सुचणार, तिकडे रस्त्याची ओळखच घाटानं होते. मी सांगतो, चढ जवळजवळ नाहीच. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, गडचिरोली २१५च्या आसपास. मधलं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या वाटेत जमीन उतरते ती जेमतेम शंभर मीटर. वैनगंगा ज्या संथपणे वाहते, त्याच बेतानं रस्तेही जातात. हे ऐकून समोरचा म्हणतो, "मग सोपं आहे." आज मला त्या 'सोपं'बद्दल बोलायचं आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, याला आम्ही झाडी म्हणतो. धानाचे बांध, मध्येच तलाव, मग दहा-बारा किलोमीटर सलग जंगल, पुन्हा एखादं गाव किंवा टोली. घाटात तुम्हाला चढ थांबवतो, दम लागतो, पाय सांगतात की आता पुरे. झाडीत असं कुणी सांगत नाही. सपाट डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना साग नाहीतर ऐन, मोह, बांबू. सायकल आपली पळतच राहते आणि दिवस संपत आल्याचं लक्षात येतं तेव्हा पुढचं गाव पंधरा किलोमीटरवर असतं. म्हणून इथे मार्ग आखताना आधी उजेड मोजायचा, किलोमीटर नंतर.

हिशेब साधा आहे. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. त्यातला पहिला पाऊण तास आणि शेवटचा तास जंगलाचा. त्या वेळी जनावरं रस्ता ओलांडतात, रस्त्यावर येऊन बसतातही. आपल्याला उरले साडेसात ते साडेचार, म्हणजे नऊ तास. तीन तास थांबण्यासाठी ठेवा, ताशी २० किलोमीटर धरा, १२० होतात. मी तरी १००च धरतो. तुमच्यापैकी काहीजण ब्रेव्हे करता, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे हिवाळ्यात मुदत पुरी वापरणाऱ्याचा काही भाग अंधारात जाणारच. माझं स्पष्ट मत आहे की जंगलातल्या रस्त्यांवरून असे मार्ग आखूच नयेत. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, चंद्रपूर ते मूल या पट्ट्यात वाघानं माणसं मारलेली आहेत. ती माणसं बहुतेक मोहफूल, तेंदूपान, सरपण यासाठी रानात गेलेली, वाकून काम करणारी. त्यांना जावंच लागतं. आपल्याला अंधारात जायची काहीच गरज नाही. आपल्यामुळे वनखात्याची माणसं रात्री शोधायला निघावीत, गावकऱ्यांनी टॉर्च घेऊन फिरावं, हे मला अजिबात पटत नाही.

सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण इथे दोष ठरतो. वळणाआड रोही, म्हणजे नीलगाय, उभा असतो, रानडुकरांचा कळप असतो, त्यांना तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला त्यांची. वाघाच्या भीतीनं सगळे विचारतात, पण प्रत्यक्षात पडायची वेळ येते ती रोह्यामुळे किंवा डुकरामुळे. त्यामुळे घंटी लावा, वाजवा, गप्पा मारत चला. २०२१च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळपही या भागात फिरतो आहे. कुरखेडा, वडसा या बाजूला निघण्याआधी गावात विचारायचं, "हत्ती कुठं आहेत?" गावकऱ्यांना खबर असते. त्यांनी नको म्हटलं तर त्या दिवशी नको.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या मार्गाकडे येतो. नागपूर-रायपूर महामार्गावर साकोलीच्या पुढे कोहमारा लागतं. एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव, मधून हा महामार्ग. तिथून दक्षिणेला वळलं की नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि पुढे वडसा. सरळ गेलात तर अर्ध्या दिवसाचं काम. मी दोन दिवस लावतो, कारण हा तलावांचा रस्ता आहे.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. भोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. कोहळी समाज म्हणजे तलाव बांधणारा समाज. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन देण्याची रीत होती, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. टेकडीच्या पायथ्याशी मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं, भरून सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथलं त्याच्या खालच्या. शेतांच्या कडेला बोड्या, म्हणजे लहान तळी, धानाला शेवटचं पाणी द्यायला. असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी' तलाव म्हणू लागले. लोक मामा तलाव म्हणतात. गाळ काढणारा आणि पाळ राखणारा मालक गेला, मग कितीतरी तलाव उथळ होत गेले, बेशरम नावाचं झुडपी तण माजलं. अर्जुनी मोरगाव भागात मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तिथं थांबून पाहा. पाण्यात उभं राहून केलेलं काम आहे ते.

सायकलस्वारासाठी या तलावांचा आणखी एक उपयोग सांगतो. हिवाळ्यात रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे विकायला असतात. मी खिशात तेच भरतो. पिठूळ, पोटाला जड न होणारे, आणि पैसे थेट तलावात उतरणाऱ्या घरात जातात. शहरातून आणलेल्या पाकिटांची आठवणही होत नाही.

नवेगावला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. उद्यानाच्या आत सायकल न्यायचा विचार मनात आणू नका, आपण सार्वजनिक रस्त्यावरच राहायचं. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. झाडीतल्या माणसांकडून पाखरांची नावं शिकणारा अधिकारी. गोंदियाच्या धानशेतांत सारस दिसले तर सायकल दूरच उभी करा, जोडी असेल तर आणखी दूर.

वाकडी वाट करून गोठणगावला नक्की जा. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण तिथं जवळच, आणि १९७२मध्ये वसलेली तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग. धानाच्या बांधांमध्ये प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. हिमालयातून आलेल्या माणसांनी या उकाड्याच्या मुलखात संसार थाटले, पन्नास वर्षं झाली त्याला. पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

गडचिरोली ते धानोरा हा दुसरा मार्ग. तीस-पस्तीस किलोमीटरच, पण वाटेवर मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तुम्ही ज्या बांबूच्या सावलीतून जाता, तो कधी तोडायचा हे त्या गावाची सभा ठरवते. हे ठाऊक असलं की सावली वेगळी वाटते. गावात शिरायचं तर विचारून शिरा.

दक्षिणेकडचं थोडक्यात. आष्टी ते आलापल्ली रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात, तिथं सायकल नको, गाडीत टाकून पुढे न्या. आलापल्ली ते भामरागड मात्र अपूर्व आहे. वाटेत 'वनवैभव' म्हणून राखलेला सहा हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा लागतो, पुढे हेमलकसा, आणि शेवटी इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे, तेव्हा जायचं ते दिवाळीनंतर.

हंगामाचंही तसंच आहे. मार्चमध्ये पळस फुलतो, फार सुंदर दिसतो, पण त्याच वेळी मोहाखालचा पाचोळा जाळतात, रस्त्यावर धूर असतो, आणि मोहफुलांना अस्वलंही येतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा घरी बसा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, फक्त धान रस्त्यावर वाळत घातलेलं असतं आणि तणसाच्या गाड्या हलत-डुलत चाललेल्या असतात. धानावरून चाक नेऊ नका. उतरून, कडेनं सायकल ढकलत जा. दहा पावलांचा प्रश्न असतो, वर्षाची कमाई पसरलेली असते.

शेवटी मुक्कामाचं. तलावांच्या मार्गाची दुसऱ्या दिवसाची अखेर वडशाला करा, दुपारी चारच्या आत. परतीला गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्ग तिथूनच जातो. पण लगेच परतू नका. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो आणि वडसा हे त्या नाटकमंडळींचं गाव. जवळपास कुठं प्रयोग आहे ते चौकातल्या फलकांवर लिहिलेलं असतं. गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून जा. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, अंगावर पांघरूण घेऊन माणसं बसलेली असतात. दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची नाही, हे आधीच ठरवून या.