बिल पॉवेल यांचे क्लिअरव्ह्यू: कर्ज नाकारलेल्या सैनिकाने उभारलेले गोल्फ मैदान

नमस्कार. कोल्हापुरात मैदानांचा इतिहास निघाला की पहिले नाव खासबागेचे येते, आणि ते योग्यच आहे. आजचे आपले मैदान मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईस्ट कँटन या लहानशा गावाजवळ आहे. क्लिअरव्ह्यू गोल्फ क्लब हे त्याचे नाव आणि विल्यम ऊर्फ बिल पॉवेल हे त्याचे संस्थापक. कृष्णवर्णीय माणसाने स्वतः आखलेले, स्वतः उभारलेले आणि स्वतःच्या मालकीचे असलेले अमेरिकेतील पहिले गोल्फ मैदान म्हणून ते ओळखले जाते. यांतील मालकीची बाजू मला सर्वांत मोलाची वाटते.

आधी पार्श्वभूमी पाहू. गोल्फला अफाट जमीन लागते, ती हिरवी ठेवायला सततचा खर्च लागतो, आणि म्हणूनच हा खेळ बहुतेक ठिकाणी वर्गणीदार सभासदांच्या क्लबांत वाढला. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. १८२९ साली कलकत्त्यात सुरू झालेला क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो आणि तो साहेबांनी साहेबांसाठीच काढला होता. सार्वजनिक मैदानाची रीत निराळी असते: सभासदत्व नाही, शिफारस नाही, त्या दिवसाचे शुल्क भरावे आणि खेळावे. अर्थात, शुल्क घ्यायचेच नाही असे दारावरच्या माणसाने ठरवले, तर ‘सार्वजनिक’ या पाटीला काही किंमत उरत नाही, आणि पॉवेल यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

त्यांचा जन्म १९१६ साली अलाबामात झाला. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जगलेले होते. कुटुंब ओहायोतील मिनर्व्हा गावी आले आणि तेथे लहान वयातच ते मैदानावर कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे, काम करू लागले. पुढे शाळेच्या गोल्फ संघाचे ते कर्णधार झाले, विल्बरफोर्स विद्यापीठाकडूनही खेळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात असताना त्यांची नेमणूक इंग्लंडमध्ये झाली आणि तेथील व स्कॉटलंडमधील मैदानांवर त्यांना मोकळेपणाने खेळता आले. १९४६ साली ते घरी परतले, तेव्हा गावाजवळच्या मैदानांनी त्यांना प्रवेश नाकारला.

माजी सैनिकांना घर, शेती किंवा धंदा उभा करता यावा यासाठी अमेरिकेने १९४४ साली कायदा केला होता. सरकार कर्जाची हमी देत असे. कर्ज द्यायचे की नाही, हे मात्र स्थानिक बँक ठरवत असे. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, त्याची गरजही नव्हती, कारण नकार देणारा माणूस बँकेच्या टेबलामागे बसलेला होताच. पॉवेल यांना कर्ज मिळाले नाही. अखेर दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी भांडवल घातले, भावाने घर गहाण टाकले आणि ७८ एकरांचे एक जुने दुग्धव्यवसायाचे शेत विकत घेतले गेले.

पोटासाठी ते टिमकेन कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी करत होते. आपल्या उद्यमनगरात बेअरिंगमुळे हे नाव अनेकांच्या ओळखीचे असेल. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात पत्नी मार्सेला यांच्यासह कुंपणाचे खांब उपटणे, दगड वेचणे आणि हाताने गवताचे बी पेरणे असे काम चालले. गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे, असतात. १९४८ साली पहिल्या नऊ होलचे मैदान सर्वांसाठी खुले झाले. सर्वांसाठी म्हणजे गोऱ्यांसाठीसुद्धा. पुढच्या नऊ होलना १९७८ साल उजाडले. तीस वर्षे! कर्ज वेळेवर मिळाले असते तर ती लागली नसती, असे मला वाटते.

येथे कोल्हापूरकराला गंगाराम कांबळे आठवल्याशिवाय राहत नाहीत. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले, आणि तेथे स्वतः चहा घेऊन, बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही तो घ्यायला लावला. दोन्ही प्रसंगांत नाकारलेला माणूस स्वतःच गल्ल्यावर बसतो आणि येणाऱ्याचे स्वागत करतो, हे साम्य खरे आहे. फरक असा की कांबळे यांच्या पाठीशी छत्रपती होते. पॉवेल यांच्या पाठीशी राज्यकर्ता सोडाच, साधा बँक मॅनेजरही नव्हता.

व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीए या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून केवळ गोऱ्यांनाच सभासद करून घेण्याचे कलम होते आणि ते १९६१ मध्ये निघाले. म्हणजे क्लिअरव्ह्यू सुरू झाले तेव्हा त्याच्या मालकाला या संघटनेचे सभासद होता येत नव्हते. पॉवेल यांना ते सभासदत्व १९९९ मध्ये मिळाले, वयाच्या ऐंशीनंतर. २००१ मध्ये मैदानाची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. २००९ मध्ये पीजीएने त्यांना विशेष सेवा पुरस्कार दिला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ते वारले. हा क्रम पाहता या सन्मानांना मी फारसे श्रेय देणार नाही.

त्यांची मुलगी रेने पॉवेल या मैदानावरच वाढल्या. १९६७ साली त्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. ॲल्थिया गिब्सन यांच्यानंतर तेथे पोहोचलेल्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडू. मैदानाची निगा मुलगा लॅरी पाहू लागला. पुढे रेने यांनी क्लिअरव्ह्यूवर लष्करातून निवृत्त झालेल्या स्त्रियांसाठी गोल्फचा एक उपक्रम सुरू केला, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही क्लबाची परवानगी मागावी लागली नाही.