दाबला तर धरतो, सोडला तरी सोडत नाही

(दृश्य: दांडिया बाजारातली गल्ली. गॅरेजचं शटर अर्धंच वर.)

बडोद्यातलं हे गॅरेज. पाटी नाही. मिस्त्री गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलतात, पण पाना पोराकडून मराठीतच मागतात.

आज स्टँडवर हिरो होंडाची सीबीझेड आहे. 1999 मध्ये ही गाडी आली तेव्हा बहुतेक मोटारसायकलींना पुढेसुद्धा ड्रमच असायचा. हिला 240 मिलिमीटरची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती; कॅलिपर नावाची पकड पॅडांनी तिला दाबते. पोरं खाली बसून बघायची. त्यातलंच एक पोर आता चष्मा लावून बाजूला उभं आहे आणि गाडी त्याचीच आहे.

तक्रार अशी. घरून निघताना ब्रेक उत्तम. रावपुऱ्याच्या गर्दीत दहा-पंधरा वेळा दाबला की पुढचं चाक जड होत जातं, शेवटी ढकलूनही हलत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की आपोआप मोकळं.

"मामा, पॅड नवे टाकले, कॅलिपरचं किट बदललं. तरी तेच."

"लिव्हर मूळचाच ना? बाजारातला नाही बसवलास?"

"मूळचाच."

मिस्त्री बोटाने लिव्हर हलवून बघतात. सुरुवातीला जरासा मोकळा खेळ आहे. हे आधी बघायचं, कारण चुकीचा लिव्हर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा, तेलाला दाब देणारा भाग) पिस्टनला कायम दाबून धरतो आणि माणूस कॅलिपर खोलत बसतो.

आता गाडी मुद्दाम फिरवून आणायची. ब्रेक चिकटलेला असतानाच त्याची तपासणी होते. थंड गाडी काहीच सांगत नाही.

(दृश्य: कॅलिपरचा निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर काढायचा छोटा बोल्ट, अगदी जवळून. त्यावर पारदर्शक नळी.)

आठ नंबरचा पाना, पाव फेरा. नळीत तेलाची चिळकांडी उडते आणि चाक सुटतं. म्हणजे कॅलिपरचा पिस्टन गंजलेला नाही, तो ज्यांवर सरकतो त्या कॅलिपरच्या सरकपिनाही ठीक. तेलाचा दाब कुठंतरी कोंडला होता. निपल उघडूनही चाक जाम राहिलं असतं, तर दोष कॅलिपरचाच होता.

पण कोंडला कुठे? निपल बंद, गाडी पुन्हा एक चक्कर, ब्रेक पुन्हा जाम. या वेळी वरचा, मास्टर सिलिंडरचा पाइपबोल्ट सैल करायचा. पेट्रोलच्या टाकीवर आधी ओलं फडकं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. बोल्ट सैल होताच चाक सुटलं. जुना रबरी पाइप आतून फुगून बंद झाला असता, तर इथून सुटलं नसतं. पाइपही निर्दोष.

उरला मास्टर सिलिंडर. झाकणाचे दोन स्क्रू. मिस्त्री आधी डोक्यावर हलकी हातोडी मारतात, नाहीतर खाचा फिरतात आणि मग दुपार तिथेच जाते.

आतलं तेल कडक चहासारखं. नवं असताना ते फिकट पिवळं असतं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलला उकळायला किमान 230 अंश लागतात, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ते 155 अंशांनाही उकळू शकतं. शिवाय तळाशी गाळ साचतो तो वेगळाच.

फडक्याने टिपल्यावर तळाला दोन भोकं असायला हवीत. एक ठळक दिसतंय. दुसरं, सुईच्या टोकाएवढं, दिसतच नाही. सगळा घोटाळा त्याचाच. लिव्हर सोडला की आतला रबर या बारीक भोकाच्या मागे सरकतो आणि तापून फुगलेलं तेल तिथून वरच्या तेलाच्या टाकीत परततं. भोक बुजलं, की त्या तेलाला पॅड दाबण्यावाचून गत्यंतर नाही. पॅड घासतात, तेल आणखी तापतं, आणखी फुगतं. थंड झाल्यावर आक्रसतं आणि चाक सुटतं. मालकाच्या तक्रारीत हे सगळं होतंच. कुणी ऐकलं नाही, म्हणून पॅड बदलले गेले.

वायरीतली तांब्याची एकच तार, हळूच आत. एक काळा खडा वर येतो.

सफाई नव्या ब्रेक ऑइलनेच. पेट्रोल नाही. पेट्रोलने रबर फुगतं आणि पुढच्या आठवड्यात गाडी दुसरंच दुखणं घेऊन परत येते.

नवे तांब्याचे वॉशर, नवं तेल, मग हवा काढणं. "दाब... धरून ठेव." निपल उघडला, बुडबुडे गेले, बंद. "आता सोड." लिव्हर आधी सोडला तर हवा उलटी आत. तेलाच्या टाकीतली पातळी बघत हेच वीसेक वेळा, लिव्हर टणक लागेपर्यंत. हे कंटाळवाणंच असतं.

(दृश्य: तेलाचा पृष्ठभाग. लिव्हर किंचित दाबला जातो.)

बघा. इवलंसं कारंजं. भोक श्वास घेतंय.

संध्याकाळी रावपुऱ्याची चक्कर मारून गाडी परत येते. मिस्त्री पुढचं चाक उचलून एका बोटाने फिरवतात. पॅडचा बारीक सर्र आवाज, चाक फिरत राहतं. तांब्याची तार पुसून ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतात.