एम. ए. करून नगररचनेत

नमस्कार श्रोतेहो.

विकास अभ्यास, म्हणजे डेव्हलपमेंट स्टडीज, या विषयात एम. ए. केलेल्या मुलीला आपल्या सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तू होणार कोण? बीडीओ?" दुसरा, संस्थेत पगार किती मिळतो? मी नगररचनेकडे वळले तेव्हा तिसराही आला: "अगं, तुला साधा घराचा प्लॅन तरी काढता येतो का?"

नाही येत. घराचा प्लॅन आर्किटेक्ट काढतात आणि ते माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला काढतात. शहराचा आराखडा करताना मात्र वेगळेच प्रश्न पुढ्यात येतात. कुठली जमीन कशासाठी ठेवायची, रस्ता कुणाच्या अंगणातून न्यायचा, पाणी कुठून वाहतं, आणि यात उठावं कुणाला लागतं?

पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ 1914 साली भारतात आले. मूळचे जीवशास्त्राचे. इथल्या कितीतरी शहरांत ते पायी हिंडले, अहवाल लिहिले, आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध असे. आजच्या प्रवेशाच्या खिडकीवर या माणसाचा अर्ज 'पदवी संबंधित नाही' म्हणून परत आला असता, असं मला कधीकधी वाटतं.

आता आपल्याकडे या. सांगलीत गुंठेवारी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शेतकऱ्यानं शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली, ना बिगरशेती, ना मंजूर ले-आउट, आणि कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार, हमाल, रिक्षावाले, शिपाई यांनी ती घेतली. कायद्याच्या भाषेत ही अनधिकृत वस्ती. शासनाने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणला, आणि 2021 मध्ये तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केला. म्हणजे वीस वर्षांत हे थांबलं नाही. का थांबलं नाही? इथे माझा विषय कामाला येतो. मंजूर ले-आउटमधला प्लॉट त्या माणसाच्या ऐपतीत कधीच नव्हता. बँक त्याला कर्ज देत नव्हती, आणि भाड्याच्या खोलीत राहून मुलांची लग्नं होत नव्हती. हे आराखड्यात धरलं नाही, तर पुढच्या वीस वर्षांनी आणखी एक मुदतवाढ येणार, दुसरं काय?

पुराचंही तसंच. 2005, 2019, 2021. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 45 फुटांवर गेली की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये अटींवर. रेषा आखण्याचं गणित जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांचं आहे, त्यात मी बोलणार नाही. पण पूर ओसरल्यावर पंचनामा घरमालकाच्या नावानं होतो आणि खालच्या मजल्यावरचा भाडेकरू कागदावर नसतोच. ओढे-नाल्यांत भराव टाकून झालेल्या कॉलनीत पाणी आधी कुणाच्या दारात येतं, हे तिथल्या बायका बोट दाखवून सांगतात. हे विचारायचं कसं, नोंदवायचं कसं, आणि नकाशावर आणायचं कसं, हे एक कसब आहे. विकास अभ्यासात त्यातलं अर्धं शिकवतात.

उरलेलं अर्धं मात्र शिकावंच लागतं, तिथे सवलत नाही. सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा वाचता आला पाहिजे. नकाशाचं प्रमाण डोळ्यांत बसलं पाहिजे. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि त्यावरची माहिती एकत्र हाताळण्याचं तंत्र, आलं पाहिजे. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेव्हा पैशांची सबब चालत नाही. आणि 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम वाचला पाहिजे, गाइड नव्हे, अधिनियम. विकास योजनेचा प्रारूप आराखडा, त्यावर हरकती-सूचना, सुनावणी, आरक्षणं म्हणजे शाळा-बागांसारख्या सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागा, सगळं त्यात आहे. कलम 127 तर तोंडपाठ हवं: अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षणाची जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. शाळा आणि बागा कागदावर राहून जातात, त्यातल्या बऱ्याच या वाटेनं जातात.

आता शिक्षणाचं. नगररचनेतली पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, ही ओळखीची नावं. अनेक ठिकाणी अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्रात एम. ए. झालेल्यांनाही प्रवेश असतो. तुमच्या पदवीवर 'विकास अभ्यास' असं लिहिलेलं असेल, तर ते त्या संस्थेला चालतं का, हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर मुंबईची खोली सोडून अहमदाबादला जाऊ नका.

एक कटू गोष्ट सांगते. राज्य शासनाच्या सहायक नगर रचनाकार या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगरनियोजन अशा पदव्या मागितल्या जातात. म्हणजे नगररचना विभागातली खुर्ची एम. ए.वाल्याला सहजी मिळत नाही. मला हे चूकच वाटतं. सुनावणीला आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला समाजशास्त्र लागतं आणि तिथेच ते नसतं. पण आज नियम असा आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून दोन वर्षांची फी भरण्यात अर्थ नाही.

मग काम मिळतं कुठे? आराखडे करणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्यांत, घरबांधणी, झोपडपट्टी आणि पुनर्वसनाच्या प्रकल्पांत, आपत्ती व्यवस्थापनात, संशोधन संस्थांत. महापालिका आवास योजनेसारख्या कामांसाठी कंत्राटावर तज्ज्ञ घेतात. कंत्राट म्हणजे नूतनीकरणाची वाट बघणं आलंच. घरच्यांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं बरं. सुरुवातीचं काम बहुतेक सर्वेक्षणाचं असतं: उन्हात गल्ल्या, हातात टॅब आणि "तुम्ही घर पाडायला आलात का?" हा प्रश्न. नोकरीच्या मुलाखतीत मात्र याच कामाबद्दल विचारतात.

म्हणून एम. ए.ला असतानाच प्रबंधासाठी विषय घ्यायचा असेल, तर लांब जाऊ नका. मिरजेची, कुपवाडची, सांगलीवाडीची एखादी गुंठेवारी वसाहत घ्या, तिच्या प्लॉटांचा नकाशा स्वतः काढा आणि घराघरांत जाऊन बोला. नगररचनेच्या प्रवेशाच्या मुलाखतीला तोच नकाशा टेबलावर ठेवता येतो.

नमस्कार.