धूळ पुसायची, रेघ नाही

(दृश्य: प्रकाशपेटीवर काळ्या-पांढऱ्या फिल्मची पट्टी. एकच चित्र लागोपाठ तीनदा, दर वेळी छटा थोडी वेगळी.)

ही पट्टी नीट बघा. तेच चित्र ओळीने तीनदा आलंय. रंग कुठेच दिसत नाही, तरीही हा रंगीत कार्टूनपट आहे.

१९४० च्या दशकात हॉलिवूडचे टेक्निकलर कार्टूनपट असेच चित्रित व्हायचे. पारदर्शक तावावर रंगवलेलं चित्र, ज्याला सेल म्हणतात, ते कॅमेऱ्याखाली ठेवायचं आणि तीनदा टिपायचं. एकदा लाल फिल्टरमधून, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. फिल्म काळी-पांढरीच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर सात मिनिटांच्या कार्टूनपटाला दहा हजारांवर फ्रेम होतात. मूळ निगेटिव्हवर त्याच्या तिप्पट.

आज असा कार्टूनपट पुन्हा उभा करायचा म्हणजे या सगळ्या फ्रेम स्कॅन करायच्या आणि तिन्ही एकमेकींवर अचूक बसवायच्या. जुनी फिल्म आकसलेली असते, म्हणून त्या सहजी बसत नाहीत. शिवाय ही नायट्रेटची फिल्म. साधारण १९५१ पर्यंत तीच वापरात होती. ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते. आपल्याला हे सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठारांना आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटची रिळं त्यात खाक झाली. गेलेली फिल्म पुन्हा काढता येत नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर एक फ्रेम मोठी होत जाते. आकाशात एक लाल ठिपका, एका पात्राच्या खांद्यावर एक करडा कण.)

फ्रेम बसल्या की सफाई सुरू होते. हा लाल ठिपका पाहा. तिघांपैकी एकाच फ्रेमवर कचरा बसला, म्हणून तो रंगीत दिसतो. म्हणजे तो नंतर आला. तो काढायचा. आता खांद्यावरचा हा करडा कण. तो तिन्ही फ्रेमवर त्याच जागी आहे. चित्रीकरणाच्या दिवशी तो सेलवरच पडलेला होता. तो काढायचा की ठेवायचा, यावर जाणकारांत खरे वाद होतात. काळाने चढवलेलं काय आणि करणाऱ्यांच्या हातून झालेलं काय, हे आधी ओळखायचं आणि मगच हात लावायचा. या कामाची शिस्तच ती आहे. ती सुटली की काय होतं, तेही दिसलेलं आहे. कार्टूनपट डीव्हीडीवर यायला लागले, तेव्हा सफाईचं काम काही वेळा यंत्रावर सोपवलं गेलं. वेगाने हलणारी शाईची रेघ यंत्राला ओरखडा वाटली आणि धावत्या पात्रांचे हातपाय मधेच तुटलेले दिसू लागले.

(दृश्य: फ्रेम आणखी मोठी होते. पात्राचा चेहरा पडदाभर.)

आणि आता हा चेहरा. कोळशासारखी त्वचा, अर्धा चेहरा व्यापणारे जाड ओठ, पांढरे गरगरीत डोळे. हाही तिन्ही फ्रेमवर आहे. तो फिल्मवर नंतर बसलेला नाही. कुणीतरी मन लावून, पगार घेऊन, सुंदर रेषेत तो काढला आहे. या माहितीपटात मला जे म्हणायचंय ते एवढ्यावरच उभं आहे: हे कार्टूनपट पूर्ण स्वच्छ करा, पण हा चेहरा पुसू नका, आणि तो एकटा सोडून पुढेही जाऊ नका.

हा चेहरा कार्टूनवाल्यांनी शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिन्स्ट्रेल शो नावाचे खेळ गर्दी खेचायचे. गोरे नट जाळलेलं बूच तोंडाला फासत, ओठांभोवती जागा मोकळी ठेवत, पांढरे हातमोजे घालत आणि गुलामांची नक्कल करून हसवत. पडद्यावर कार्टून आलं, तेव्हा हे सगळं तयारच होतं. वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्स मालिकेचा पहिला नायक बॉस्को. त्याचे एक निर्माते ह्यू हार्मन यांनी १९२८ साली त्याची कॉपीराइट नोंद केली ती 'निग्रो बॉय' म्हणून. पुढे बग्ज बनीला मोठं करणारी ही मालिका सुरू झाली ती इथून.

(दृश्य: १९४३ च्या कार्टूनपटाची फ्रेम. नाचणारी पात्रं, भडक रंग.)

आपण बघत होतो तो चेहरा वॉर्नरचे दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट यांच्या 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स' या कार्टूनपटासारख्या चित्रांतला. जानेवारी १९४३. महायुद्ध ऐन भरात. स्नो व्हाइटच्या गोष्टीचं हे विडंबन आहे आणि सगळी पात्रं कृष्णवर्णीय. दुष्ट राणीने रेशनवरची साखर, कॉफी आणि टायर दडवून ठेवलेत. सात बुटके सैन्यात आहेत. राजपुत्राचे पुढचे दात म्हणजे जुगाराचे फासे. मारेकऱ्यांच्या गाडीवर दरपत्रक रंगवलंय: कुणालाही मारायचं तर एक डॉलर, जपानी असेल तर फुकट.

आणि हे ॲनिमेशन विलक्षण आहे. हे सांगताना मला अवघड वाटतं, पण सांगायलाच हवं. पात्रं रबरासारखी ताणतात, तालावर थिरकतात, एकही फ्रेम सुस्त नाही. १९९४ मध्ये ॲनिमेशन क्षेत्रातल्या लोकांच्या कौलातून ५० सर्वोत्तम कार्टूनपट निवडले गेले, त्यात याचा क्रमांक २१ वा होता. कौशल्य एवढं मोठं असल्यामुळेच अपमान इतका खोल जातो. ढोबळ, बेंगरूळ चित्र लोक विसरून गेले असते.

क्लॅम्पेट सांगत की त्यांना हे सुचलं ते कृष्णवर्णीय जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या 'जंप फॉर जॉय' या रंगमंचीय कार्यक्रमावरून. १९४१ साली लॉस एंजेलिसमध्ये तो झाला. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, कारण एलिंग्टन यांचा तो कार्यक्रम होताच मुळी रंगमंचावरचा लाचार, खुशमस्कऱ्या काळा माणूस हद्दपार करण्यासाठी. क्लॅम्पेट आपल्या चित्रकारांना घेऊन क्लब अलाबाम या नाइटक्लबात गेले, तिथलं नृत्य आणि संगीत त्यांनी जवळून पाहिलं. मग स्टुडिओत परत येऊन त्या नाचणाऱ्या देहांवर मिन्स्ट्रेलचे चेहरे बसवले.

आवाज मात्र खरे होते. नायिका सो व्हाइटला आवाज दिला व्हिव्हियन डँड्रिज यांनी. धाकटी बहीण डोरोथी पुढे 'कार्मेन जोन्स'साठी प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आई रूबी डँड्रिज यांचाही आवाज यात आहे. क्लॅम्पेटना संपूर्ण संगीत कृष्णवर्णीय वाद्यवृंदाकडून करून घ्यायचं होतं. निर्माते लिऑन श्लेसिंजर यांनी नकार दिला. एडी बील यांच्या वाद्यवृंदाला शेवटच्या चुंबनाचा प्रसंग तेवढा मिळाला. पडद्यावर यांतल्या एकाचंही नाव नाही.

(दृश्य: जुन्या वृत्तपत्रांचे ढीग, टंकलेखन यंत्र.)

एक वाक्य तुम्ही हमखास ऐकलं असेल: त्या काळी कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. हे खोटं आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने 'कोल ब्लॅक'चा निषेध केला तो त्याच वर्षी, १९४३ मध्ये. वॉल्टर लँट्झ यांच्या १९४१ च्या 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट'मध्ये काळ्यांचं अख्खं गाव झोपाळू दाखवलंय. १९४८ साली तो पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा या संघटनेने युनिव्हर्सल कंपनीला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी कंपनीने तो मागे घेतला. वावगं वाटणारी माणसं होती. त्यांचं कुणी विचारात घेत नव्हतं, एवढंच. 'तो काळच तसा होता' म्हणताना आपण त्या काळातून या माणसांना पुन्हा एकदा वगळतो.

स्टुडिओत चित्रफळ्यांपाशी तर कृष्णवर्णीय माणसं नव्हतीच. कृष्णवर्णीय फ्रँक ब्रॅक्स्टन वॉर्नरमध्ये ॲनिमेटर झाले ते १९५० च्या दशकात, आणि तसेच फ्लॉइड नॉर्मन डिस्नेत आले १९५६ मध्ये.

(दृश्य: १६ मिलिमीटरच्या रिळांचे पत्र्याचे डबे, फिकट पडलेली व्हिडिओ कॅसेट.)

१९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्सने, ज्यांच्याकडे वॉर्नरच्या जुन्या कार्टूनपटांचे हक्क होते, त्यांतले अकरा टीव्हीवरून काढून घेतले. 'कोल ब्लॅक' त्यांतला एक. टेक्स ॲव्हरी, चक जोन्स, फ्रिझ फ्रेलेंग अशा दिग्गजांचं काम त्यांत आहे. तेव्हापासून ते 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणून ओळखले जातात. लहान मुलांच्या दुपारच्या कार्यक्रमातून ते काढले, हे योग्यच झालं. पण काढल्यावर पुढे काहीच केलं नाही. मग १६ मिलिमीटरच्या प्रिंटवरून चोरट्या कॅसेट निघाल्या, कॅसेटवरून कॅसेट, आणि शेवटी ते इंटरनेटवर पोचले. आज ते कुणालाही दिसतात: विटलेले, फाटके, आगापीछा नसलेले. खाली कुठलीही माहिती नाही. या द्वेषालाच दाद देणाऱ्यांना तर असंच हवं असतं.

(दृश्य: स्वयंपाकघराची फरशी. दारातून येणारे दोन पाय, जाड मोजे, घरातल्या चपला.)

हे पाय तुमच्या ओळखीचे असतील. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि आपल्याकडची एक पिढी टॉम अँड जेरीवर वाढली. केरसुणी घेऊन टॉमच्या मागे धावणारी ही बाई कोण, तिचा चेहरा का दिसत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मॅमी टू शूज या नावाने ती ओळखली जाते. गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या जाड, कडक, प्रेमळ काळ्या मोलकरणीचा तो साचा. आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा.

१९६० च्या दशकात अमेरिकन टीव्हीसाठी तिच्यावर उपाय झाला. तिचे प्रसंग नव्याने रंगवून तिथे एक सडपातळ गोरी बाई आणली. आवाज बदलला, उच्चार आयरिश केले. १९९० च्या दशकात तीच मोलकरीण ठेवून आवाज पुन्हा बदलला, या वेळी थिया विडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. स्फोटानंतर टॉमचा चेहरा काळा होऊन ओठ फुगतात, तो विनोद तर सरळ कापला जायचा. म्हणून काही भागांत संगीत अचानक उडी मारतं.

यात भलं कुणाचं झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अपमान दूर झाला असं म्हणावं, तर अपमान करणारी कंपनी निष्कलंक झाली. आणि त्या साच्यातही जीव ओतणाऱ्या लिलियन रँडॉल्फ यांचा आवाज गेला. कृष्णवर्णीय अभिनेत्रींना हॉलिवूडमध्ये बहुतेक वेळा मोलकरणीचीच कामं मिळत. त्यांतलंही हे काम खोडण्यात आलं. डिस्नेच्या 'फँटेसिया'त गोऱ्या अश्वकन्येचे खूर घासणारी सनफ्लॉवर नावाची छोटी काळी अश्वकन्या होती. १९६९ पासून ती दिसेनाशी झाली. पुढच्या एका आवृत्तीत चित्र मोठं करून तिला फ्रेमबाहेर ढकललं, त्यामुळे तेवढे शॉट दाणेदार दिसतात. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली झालेली ही मोडतोड आहे.

(दृश्य: काटेरी तारा, लाकडी बराकींची रांग. १९४२ चं छायाचित्र.)

दुसऱ्या टोकाचा धोकाही खरा आहे. १९४४ चा 'बग्ज बनी निप्स द निप्स' घ्या. ससा जपानी सैनिकांना आइस्क्रीममध्ये हातबॉम्ब लपवून देतो. हे थिएटरात हशा मिळवत होतं, तेव्हा सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं, बहुतांश अमेरिकन नागरिक, स्वतःच्याच देशात छावण्यांत डांबलेली होती. १९९० च्या दशकात हा कार्टूनपट इतर गमतीदार कार्टूनपटांच्या संचात, लेझरडिस्कवर, तसाच विकायला आला. जपानी अमेरिकनांनी आक्षेप घेतला आणि तो मागे घ्यावा लागला. त्यांचा आक्षेप मला पूर्ण पटतो. ज्यांचं बालपण त्या तारांमागे गेलं, त्यांच्यासमोर हे 'सोनेरी काळाची ठेव' म्हणून मांडायचं नसतं.

आणि सफाई झाली की चित्र सुंदर दिसू लागतं, हेही लक्षात घ्यायला हवं. लाल अधिक लाल होतो, ठेका स्पष्ट ऐकू येतो, हसू लवकर फुटतं. म्हणूनच सोबतच्या माहितीची गरज वाढते. वॉर्नरने पुढे डीव्हीडीवर सूचना घालायला सुरुवात केली. एका संचाआधी कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग स्वतः पडद्यावर येऊन बोलतात. त्या सूचनेचा गाभा असा: हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, आणि ते दाखवलं नाही तर असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. माझ्या मते अशा सूचनांमधली ही सर्वांत प्रामाणिक. पण नुसती सूचना पुरत नाही. २०१३ मध्ये त्याच कंपनीने टॉम अँड जेरीच्या नव्या संचातून 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' हे दोन भाग वगळले. संग्राहक चिडले आणि अख्खा संचच बारगळला.

(दृश्य: हॉलिवूड, इजिप्शियन थिएटरची दर्शनी बाजू.)

नीट कसं करावं, याचं एक उदाहरण मात्र आहे. एप्रिल २०१०, टर्नर क्लासिक मूव्हीज या जुने चित्रपट दाखवणाऱ्या वाहिनीचा महोत्सव. अकरांपैकी आठ कार्टूनपट नव्याने स्वच्छ करून इजिप्शियन थिएटरात दाखवले गेले. सोबत बोलायला होते डोनाल्ड बोगल, अमेरिकन सिनेमातल्या कृष्णवर्णीयांच्या प्रतिमांचे अभ्यासक. प्रेक्षक जाणून-बुजून आलेले, प्रौढ. पुढची अनेक वर्षं अकराही कार्टूनपटांचा अधिकृत संच निघाला नाही.

तो निघावा. एकही फ्रेम न कापता, एकही चेहरा न बदलता, मुलांच्या यादीपासून दूर, अभ्यासकांच्या आणि ज्यांचं हे चित्रण आहे त्या समाजातल्या माणसांच्या बोलण्यासह. मूळ चित्रात काही घुसडू नये. पण चित्राआधी एक वेगळी पाटी हवी, वाचता येईल इतका वेळ थांबणारी.

(दृश्य: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एकेक ओळ.)

कोल ब्लॅक, १९४३. एनएएसीपीने त्याच वर्षी याचा निषेध केला. सो व्हाइटचा आवाज, व्हिव्हियन डँड्रिज. सोबत रूबी डँड्रिज. राजपुत्राचा आवाज, झूट वॉटसन. शेवटच्या प्रसंगाचं संगीत, एडी बील आणि त्यांचा वाद्यवृंद.