डब्याच्या पाठीवरची दोन अक्षरं

नमस्कार, श्रोतेहो. घरात एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी असेल, तर ऑइल घेताना डबा उलटा करा आणि पाठ वाचा. पुढे ठळक अक्षरांत ५डब्ल्यू-३० असा ऑइलच्या जाडीचा ग्रेड लिहिलेला असतो. तेवढंच बघून बहुतेक जण पैसे देतात. पाठीवर एक गोल शिक्का असतो, त्यात एपीआय, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, आणि पुढे दर्जाची दोन अक्षरं. ती कशाला बघायची, ते एका जुन्या गाडीवरून सांगतो.

साल १९६२, अमेरिका. ओल्ड्समोबाइलने जेटफायर नावाची गाडी काढली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन, २१५ हॉर्सपॉवर आणि वर टर्बो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते, ठेवलं १०.२५ ला १. एवढं कॉम्प्रेशन, त्यात टर्बोने हवा कोंबलेली. पेट्रोल ठिणगीची वाट कशाला बघतंय? आधीच आपोआप पेटून इंजिनात ठोके, म्हणजे नॉकिंग होणारच. मग इंजिनिअरांनी बॉनेटखाली एक वेगळी टाकी दिली. तीत निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं मिथेनॉल आणि गंज लागू नये म्हणून थोडं रसायन. पेडल दाबून टर्बोला जोर आला की हे पाणी आत जायचं आणि आतली गरमी उतरायची. नावही थाटाचं, ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झालीच, तर टर्बोचा दाब आपोआप कमी करायची सोयसुद्धा होती.

आणि मालकांनी काय केलं? अनेकांनी टाकी भरलीच नाही! हौसेने टर्बो घेतला आणि पाणी भरायचा कंटाळा. (आपल्याकडे तरी वायपरची टाकी कोण भरतं? पंपावरचा पोरगा काच पुसतो म्हणून भागतंय.) टाकी कोरडी, म्हणून गाडी ओढेना, ओढेना म्हणून तक्रारी. दोन वर्षांत जेटफायर बंद झाली. १९६५ मध्ये तर कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली.

तर, नॉकिंग अडवायला तेव्हा वेगळी टाकी लागायची. आज ते काम मुख्यतः सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर करतात. पण छोट्या टर्बो इंजिनात अवेळी पेट घेण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अडवायला ऑइलही लागतं. घाटात वरच्या गियरमध्ये, १५००-२००० आरपीएमला पेडल पूर्ण दाबलं की पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी साचलेला, पेट्रोल मिसळलेला ऑइलचा थेंब कधी कधी उडतो आणि ठिणगीच्या आधीच पेट घेतो. दाब इतका चढतो की रिंगेजवळची पिस्टनची कड तुटू शकते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात हे जास्त. ऑइलमधला कॅल्शियमचा डिटर्जंट त्याला हातभार लावतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आणलं. शिक्क्यातली अक्षरं हेच सांगतात: जुना दर्जा एसएन, २०१८ ला आलं एसएन प्लस, २०२० ला एसपी. थोडक्यात: नुसतं एसएन नको. एसएन प्लस चालेल, एसपी किंवा त्यानंतरचं बरं. ट्रकच्या पिंपातलं डिझेल ऑइल नको, बाइकचंही नको.

ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये असेल तोच. फोक्सवॅगन ५०८ ०० असा कंपनीचा नंबर मागितला असेल, तर डब्यावर तोच नंबर हवा. गॅरेजवाला म्हणेल, “साहेब, जाड टाका, इंजिन गुळगुळीत चालेल.” पण टर्बोची शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते, ऑइलच्या थरावर तरंगत, सकाळी गार इंजिनात जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं.

अशा इंजिनात साधारण साडेतीन ते चार लिटर मावतं. फिल्टर आणि जुनं ऑइल सोडायच्या, चेंबरच्या नटाचा वायसर नवा घ्या. आधी पाव लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर ऑइलला फेस येतो.

आणि रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पातळी उतरायच्या ऐवजी चढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय? मग किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल बदला.