देवमासा बडोद्यात कसा आला

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं.

मला विषय दिला होता 'संग्रहालय आणि आपण', मी म्हटलं बापरे, मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही, बँकेत कॅश काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेली बाई, एवढं मोठं मला झेपायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गेले होते, तेवढंच सांगते.

आता खरं सांगा, कमाटी बागेत कोण कोण गेलंय? सगळे. आणि म्युझियमच्या आत, गेल्या पाच वर्षांत? हं, बघा, तीनच हात. म्हणजे माझ्यासारखेच तुम्ही. आपण बडोदेकर पाहुण्यांना म्युझियम दाखवतो ते बाहेरून, "ते बघा, सयाजीरावांनी बांधलं" असा हात करायचा आणि टॉय ट्रेनच्या लाइनीत उभं राहायचं, मग सेव उसळ, मग घरी. पण यावेळी पुण्याहून आलेला आतेभाऊ हटून बसला, त्याला आतच जायचं होतं. तर आम्ही पाच जण, दादा म्हणजे हा आतेभाऊच, वहिनी, माझी ब्याऐंशी वर्षांची आई, मी आणि माझी सात वर्षांची नात.

नात आत शिरली ती थेट देवमाशाच्या सांगाड्यापाशी जाऊन थांबली. ब्लू व्हेल, ७० फुटांच्या वर लांब, माणूस खाली उभा राहिला की स्वतःला चिंगळी वाटायला लागतो. तिने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "आजी, हा इथे कसा आला?" मी म्हटलं असेल कुठून तरी आणलेला. दादाने माहिती वाचून सांगितलं, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला देवमासा आहे हा. म्हणजे कोणी आणला नाही, तो बिचारा आपण होऊनच गुजरातेत आला. आई लगेच म्हणाली, "तेव्हा मी पाळण्यात होते." जणू दोघांची ओळखच आहे.

झालं, पोरीला चाळा लागला. प्रत्येक काचेसमोर, हे इथे कसं आलं, हे इथे कसं आलं. आधी मला वैताग आला, मग लक्षात आलं की अगं आपण तरी आयुष्यभर काउंटरवर हेच केलं की, समोर रोख रक्कम आली की कुठून आली ते आधी बघायचं, मग मोजायची. आणि खरंच सांगते, तो प्रश्न धरून फिरलं ना की म्युझियममध्ये पाय दुखत नाहीत. नाहीतर काय होतं, पहिल्या दालनात सगळं वाचायचं, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात बसायला बाक कुठे ते शोधायचं.

ममीचंच घ्या. पोरांची सगळ्यात गर्दी तिथे. ती इजिप्तची, पण महाराजांनी ती घेतली १८९५ मध्ये न्यूयॉर्कला! म्युझियम १८९४ ला तयार झालं आणि पुढच्याच वर्षी ही आली. वहिनी म्हणाली, काय तरी बाईचं नशीब, मरून दोन हजार वर्षं झाल्यावर अमेरिका बघितली. वरची युरोपियन चित्रं, त्यांची तर वेगळीच कथा. गॅलरीची इमारत १९१४ ला बांधून तयार, तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं, चित्रं तिकडेच अडकली, आणि गॅलरी उघडली थेट १९२१ मध्ये. सात वर्षं भिंती तयार आणि चित्रांचा पत्ता नाही. आपल्याकडे फ्लॅटचं पझेशन लांबलं की आपण किती बोंबलतो.

पण मी अडकले ती आकोट्याच्या मूर्तींपाशी. इथे आकोट्यात राहणारे कोण कोण आहेत? निम्मे तरी असाल. जिथे आपण पार्किंगवरून भांडतो ना, त्याच भागात जमिनीखालून जैन ब्राँझच्या मूर्ती निघाल्या, एकूण ६८ धरतात, सहाव्या ते बाराव्या शतकाच्या. तेव्हा त्या गावाचं नाव अंकोट्टक. म्हणजे बडोदं नंतरचं, आकोटा आधीचा, आणि आपण त्याला 'नवीन एरिया' म्हणतो! त्यात एक जीवंतस्वामी आहे. दादाला तो राजाच वाटला, मुकुट, दागिने सगळं आहे ना. तर ते महावीर, संन्यास घेण्याआधीचे, राजपुत्र असतानाचे. आणि शेजारी म्हणावी अशी ती चवरी धरलेली बाई, चामरधारिणी, आकाराने लहानशीच. आई तिच्यापुढून हलेचना. म्हटलं काय बघतेस एवढं? म्हणाली, "कशी उभी आहे बघ, एका पायावर भार टाकून. ओट्यापाशी तासभर उभं राहिलं की आपण अशाच उभ्या राहतो." मंडळी, मी कलेवरची मोठमोठी वाक्यं ऐकलीयेत, पण मूर्ती माझ्या डोळ्यात बसली ती या वाक्याने. म्हणून म्हणते, घरातलं म्हातारं माणूस आणि लहान पोर सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका, आपण मधल्या वयाचे लोक नुसते फोटो काढतो.

आणि ज्यांनी हे सगळं जमवलं ते तरी इथे कसे आले? मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा बारा वर्षांचा गोपाळ, १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव. सांगतात की त्याला विचारलं, तुला इथे कशाला आणलंय माहितीये का? तर पोरगं म्हणालं, राज्य करायला. लिहा-वाचायला नीट इथे येऊन शिकले, आणि १९०६ मध्ये त्यांनीच सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मला ते म्युझियम राजाची हौस वाटतच नाही. ज्याने लहानपणी जग बघितलं नव्हतं त्याने आपल्यासारख्यांसाठी जग उचलून आणलं, असं वाटतं. आता हे माझं मत, इतिहासवाल्यांनी रागवू नये.

बाहेर आलो आणि बागेत बसलो. नातीचं चालूच होतं, तेव्हा तिला म्हटलं, इथे एकजण आले होते आणि त्यांना राहू दिलं नाही. याच महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला शिकून आलेले डॉ. आंबेडकर, १९१७ मध्ये इथे नोकरीला हजर झाले, पण अख्ख्या बडोद्यात त्यांना भाड्याने खोली कोणी देईना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. मुंबईची गाडी मिळेपर्यंत ते याच बागेत बसले होते. पोरगी गप्प झाली. दादा पण गप्प झाला. मग ती हळूच म्हणाली, "म्युझियम तेव्हा होतं?" होतं. तेव्हा त्याला तेवीस वर्षं झाली होती.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दादानेच, पुण्याचे नातेवाईक विचारतात तसं विचारलं, "आपले लोक तरी इथे कसे आले गं?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, पणजोबा कोकणातून संस्थानात कारकून म्हणून आले. आई म्हणाली, "कोणी सांगितलं? आधी त्यांची आई आली." विधवा बाई, दांडिया बाजारात एका घरी सोवळ्यातला स्वयंपाक करायला आली, मुलगा कडेवर. तो इथे शिकला, मग कारकून झाला. बासष्ट वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

"तिचं नाव काय?" नातीने विचारलं. आईला आठवेना. म्हणाली, नाव राहिलं नाही, डबा राहिलाय, तिने येताना आणलेला पितळी डबा, तुझ्या आजीकडेच आहे की, कणीक ठेवते त्यात.

तो डबा आज मी आणलाय. हा बघा, झाकणाला पोचा आहे. कणीक काढून घासलाय, काळजी करू नका. तिकडे चहाच्या टेबलावर ठेवते, आणि तिथे काच नाहीये, हात लावलेला चालेल.